कुसुमताईंच्या खोलीचे माप

माप घेणे हे सुताराचे काम नव्हे, असे मधुकरराव आंबोकरांनी ज्या रविवारी सकाळी जाहीर केले, त्या रविवारी घरात त्यांना विरोध करायला कोणी मोकळे नव्हते. देवकीबाई कणीक तिंबत होत्या आणि थोरली बहीण कुसुमताई आतल्या खोलीत खोकत होत्या. खोकला थांबेपर्यंत मधुकरराव थांबले आणि मग तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, समोरच्या भिंतीला ऐकवले.

प्रसंग तसा साधा होता. गुरुवारी डॉक्टर हरकरे येऊन गेले होते. त्यांनी कुसुमताईंची दोन्ही फुप्फुसे बराच वेळ ऐकली, बाहेर येऊन पुन्हा पुन्हा हात धुतले आणि टॉवेल शोधता शोधता म्हणाले, "औषध मी देतो. पण खरं औषध हवा आणि ऊन. त्यांना धरमपेठेकडे न्या. नवी वस्ती आहे, मोकळी जागा आहे."

मधुकरराव टॉवेलाकडे पाहत राहिले. महाल भागातल्या जुन्या गल्लीतून उठून धरमपेठेत जाणे हे त्यांच्या दृष्टीने विलायतेला जाण्याइतकेच शक्य होते, आणि विलायतेला निदान बोट तरी जाते.

डॉक्टरांच्या ते ध्यानात आले असावे. "मग निदान त्या खोलीची खिडकी तरी बदला," ते म्हणाले. "ती खिडकी आहे का भिंतीला पडलेलं भोक?"

हे मधुकररावांना लागले. ती खिडकी त्यांच्या आजोबांनी करवून घेतलेली होती. आजोबांना चोरांची धास्ती होती; त्यामुळे बाजूच्या गल्लीत उघडणारी ती खिडकी बाहेरून फक्त एक हात रुंद, सव्वा हात उंच आणि तीन गजांची होती. भिंत दोन फूट जाडीची. आतल्या अंगाला मात्र ती ऐसपैस पसरत गेलेली होती, त्यामुळे खोलीत उभे राहिले की खिडकी मोठी वाटे आणि उजेड लहान वाटे. चौदा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर कुसुमताई कुहीहून परत आल्या, तेव्हापासून त्यांचे बिऱ्हाड त्याच खोलीत होते. दुपारी एक उन्हाची पट्टी आत येई, खाटेच्या पायापर्यंत पोचे आणि परत जाई. कुसुमताई तिला "पाहुणी" म्हणत.

तर माप. मधुकरराव सेटलमेंटच्या कचेरीत ट्रेसर होते. शेतांचे मूळ नकाशे मेणकापडावर उतरवून घ्यायचे, बांधाची रेष केसाइतकी बारीक काढायची, हे काम ते अठरा वर्षे करत होते. कुही तहसिलीतला एकूण एक बांध त्यांच्या बोटांखालून गेला होता; प्रत्यक्षात त्यांनी एकही पाहिला नव्हता. साखळी घेऊन उन्हात हिंडायचे काम दुसऱ्यांचे. पण माणूस अठरा वर्षे इतरांची मापे उतरवतो, तेव्हा त्याला आपण स्वतःच मोजली असे वाटू लागते. त्या रविवारी कचेरीतल्या मित्राची कापडी फीत मागून आणून मधुकरराव स्टुलावर चढले, ते याच विश्वासाने.

देवकीबाईंनी कणकेच्या हाताने फितीचे दुसरे टोक धरले. रुंदी आली तीन फूट दोन इंच. उंची डावीकडून तीन फूट सात आणि उजवीकडून तीन फूट पावणेनऊ.

"फीत चुकते," मधुकरराव म्हणाले.

"एकाच बाजूला कशी चुकेल?" देवकीबाईंनी विचारले.

त्यांनी फीत पुन्हा लावली. या खेपेला डावी बाजू वाढली. सोमवारी त्यांनी कचेरीतून लाकडी फूटपट्टी आणली, तिने तिसरेच आकडे सांगितले. मंगळवारी तिन्ही मापांची सरासरी काढली. खाटेवर पडल्या पडल्या कुसुमताई हे सगळे पाहत होत्या.

"मधू, भिंतच वाकडी आहे रे," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षं पाहून राहिले मी तिच्याकडे."

"ताई, डोळ्यांनी पाहिलेलं शास्त्रात धरत नाहीत," मधुकरराव म्हणाले आणि नकाशा काढायला बसले. नकाशा देखणा झाला. भिंत गुलाबी, लाकूड पिवळे, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली प्रमाण. खिडकीच्या नकाशाला उत्तर दिशा कशाला, असे देवकीबाईंनी विचारले. मधुकररावांनी ऐकले नाही असे दाखवले.

परवानग्या जिथे मिळतात त्या कचेरीत मात्र नकाशाच्या देखणेपणाकडे कोणी पाहिले नाही. तिथल्या बाबूने अर्ज उलटा धरला, सुलटा धरला, आणि म्हणाला, "जुनी खिडकी काढून त्याच मापाची नवी बसवणार असाल तर नुसती खबर पुरते. पण गल्लीच्या अंगाला तोंड वाढवणार असाल, तर समोरच्या घरवाल्याची हरकत नाही असा कागद लागेल. कोण आहे समोर?"

समोर नानाजी होते.

नानाजी हे कोर्टातले निवृत्त पेशकार. तीस वर्षे त्यांनी न्यायाधीशापुढे कागद ठेवले होते, आणि आता ठेवायला कागद नसल्यामुळे ते सकाळपासून आपल्या ओट्यावर बसून गल्लीत जाणाऱ्या-येणाऱ्यांपुढे कायदा ठेवत. दोन्ही घरांच्या मध्ये जेमतेम सात फुटांची गल्ली. मधुकरराव कागद घेऊन गेले तेव्हा नानाजींनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

"मधुकरराव, मी हरकत घेऊन नाही राहिलो," ते म्हणाले. "मनुष्य आजारी आहे, हवा पाहिजे, सगळं कबूल. पण ती खोली कोणाची? कुसुमताईंची. त्या कोण? आता मी बोलत नाही, तुम्ही समजदार आहात. विधवा बाईच्या खोलीला गल्लीकडे एवढं मोठं तोंड! उद्या लोक विचारतील, नानाजी, तुम्ही समोर बसून काय पाहता? मी काय सांगू?"

"तुम्ही ओट्यावर नका बसू," हे वाक्य मधुकररावांच्या अगदी ओठांपर्यंत आले आणि तिथून नेहमीप्रमाणे परत गेले.

"यातून मार्ग आहे," नानाजी म्हणाले. "खिडकीची खालची कड जमिनीपासून साडेपाच फुटांवर ठेवा. हवा हवेच्या जागी, मर्यादा मर्यादेच्या जागी. तसा नकाशा करून आणा, आत्ता सही करतो."

मधुकररावांनी तसा नकाशा केला. खरे म्हणजे वाटेत त्यांना नानाजींचे म्हणणे पटलेसुद्धा. समोरच्याचे म्हणणे वाटेत पटणे हा त्यांचा जुना आजार होता. घरी येऊन त्यांनी तो कुसुमताईंना दाखवला. कुसुमताईंनी बोटाने जमिनीपासून कडेपर्यंत अंतर मोजले.

"साडेपाच फूट. म्हणजे मी खाटेवर उभी राहू की काय?"

"हवा येईल ना, ताई."

"येईल रे. पण ही खिडकी कोणासाठी करून राहिलास? उंट बांधणार आहेस का या खोलीत?" त्या हसल्या. हसता हसता खोकला लागला, तो पुष्कळ वेळ थांबला नाही. देवकीबाईंनी धावत येऊन पाठ धरली आणि तोंडाला लावलेले फडके चटकन मुठीत दाबले. पण मधुकररावांना लाल दिसायचे ते दिसले होते.

अर्ज तरीही तोच, साडेपाच फुटांचा, नानाजींची सही घेऊन गेला. बाबू म्हणाला, आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी कळले की साहेब दौऱ्यावर आहेत. त्यापुढच्या आठ दिवसांनी साहेब दौऱ्यावरून आले होते, पण अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला होता. मार्गशीर्ष संपला, पौष लागला. कुसुमताई आता भिंतीला टेकून बसत आणि जेवणाचे ताट अर्धे ठेवत. जाता-येता लोक सल्ला देत होते. कोणी म्हणे, खिडकी मोठी केली की चैत्रात तापल्या वाऱ्याची लू येईल, रोगी लूनेच जाईल. कोणी म्हणे, पूर्वेला करा. पूर्वेला स्वयंपाकघर होते. एकाने शेळी पाळायला सांगितले. शेळीचा आणि खिडकीचा संबंध मधुकररावांनी विचारला नाही, कारण तोही त्यांना वाटेत पटला असता.

दरम्यान कवडू सुताराने चौकट करून आणली. कवडू सावनेरकडचा. बोलणे कमी आणि हातात नेहमी एक बांबूची काठी, तिच्यावर खाचा. पहिल्या दिवशी त्याने भिंतीवर बोटाची गाठ वाजवून पाहिली होती आणि विचारले होते, "साहेब, हे माप आतून घेतलं का बाहेरून?"

"आतून," मधुकरराव म्हणाले होते. "खोली आत आहे."

"भिंत दोन्हीकडून असते जी."

"कवडू, नकाशात सगळं लिहिलं आहे. इंचाच्या आठव्या भागापर्यंत."

"मले वाचता येत नाई, साहेब. तुम्ही सांगाल तशी करतो." आणि त्याने काठीवर तीन खाचा केल्या होत्या.

आता ती सागवानी चौकट ओसरीत उभी होती आणि खोलीतला खोकला तिच्यातून आरपार ऐकू येत होता. एका सकाळी कुसुमताईंना बसवेना, तेव्हा मधुकररावांनी कचेरीत जायचा कोट घातला, परत काढला आणि कवडूला बोलावणे पाठवले. परवानगीचे काय, असे देवकीबाईंनी विचारले.

"जुने गज काढून ठेवणं म्हणजे डागडुजी," मधुकरराव म्हणाले. "डागडुजीला कोणी विचारत नाही."

कुसुमताईंना उचलून ओसरीवर आणले. कवडूने चौकट भिंतीला लावून पाहिली. आतून ती बरोबर बसत होती. मग तो गल्लीत जाऊन उभा राहिला, एक हात रुंदीच्या भोकाकडे पाहिले, तीन फूट दोन इंचांच्या चौकटीकडे पाहिले, आणि डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला.

"साहेब, बाहेरून दोन्ही बाजू तासाव्या लागतील. पण भिंतीचं वजन घेणारी वरची पाटी तर एवढुशी हाये. अन् थे वाळवीनं खाल्ली हाये जी."

"हळू तास," मधुकरराव म्हणाले.

कवडूने हळू तासली. तिसऱ्या घावाला आतून वाळूसारखी माती गळू लागली. पाचव्या घावाला कवडू ओरडला, "साहेब, मांगं व्हा!" आणि आजोबांची ती भिंत, चोरांना चाळीस वर्षे दाद न देणारी, मोठा उसासा टाकल्यासारखी गल्लीत बसली.

धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. पहिल्यांदा दिसले ते नानाजी. ते ओट्यावर होते तसेच बसलेले होते, हातात वर्तमानपत्र होते तसेच, फक्त नानाजी आणि वर्तमानपत्र दोन्ही विटकरी रंगाचे झाले होते. एक अर्धी वीट त्यांच्या पानाच्या डब्याशेजारी येऊन थांबली होती. कोणाला लागले नव्हते. नानाजींनी डोळे पुसले, समोर पाहिले आणि म्हणाले, "हे साडेपाच फूट होय?"

समोर सहा फूट उंच आणि साडेचार फूट रुंद असे एक भगदाड होते, गुडघ्यापर्यंत खाली आलेले. त्यातून कुसुमताईंची खोली आरपार दिसत होती: खाट, तांब्या, दोरीवरचे लुगडे, देवाची तसबीर. मधुकररावांना भर गल्लीत आपल्याच अंगावरचे कपडे गेल्यासारखे वाटले. ते भगदाडापुढे हात पसरून उभे राहिले. किती वेळ असे उभे राहायचे याचा त्यांनी विचार केलेला नव्हता.

"मधू, बाजूला हो," मागून आवाज आला. कुसुमताई देवकीबाईंच्या आधाराने खोलीच्या दाराशी आल्या होत्या. "ऊन अडवून राहिलास."

पौषातले दहा वाजताचे ऊन खोलीभर पडले होते. कुसुमताई त्यात जाऊन खाटेवर बसल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मग हळूच थोडा मागे घेतला. त्या दिवशी त्यांनी ताट रिकामे केले.

त्यानंतरचे अठरा दिवस आंबोकरांचे घर गल्लीचा विषय झाले. संध्याकाळ झाली की भगदाडाला गोणपाट लावत आणि सकाळी काढत. डॉक्टर हरकरे आले, भिंतीकडे पाहून "अरे वा!" म्हणाले, आणि कोणी हसत नाही असे पाहून गप्प झाले. "रोग पुढे गेलेला आहे," जाताना त्यांनी मधुकररावांना ओट्यावर सांगितले. "पण हे ऊन बंद करू नका. आणि कोणी फार जवळ बसू नका."

कुसुमताई मात्र ओळखू येईनात. संत्र्यांची पाटी घेऊन जाणाऱ्या बाईला त्या भाव न विचारता नुसतेच "कुठली गं संत्री?" असे विचारत. गल्लीतल्या गायींना त्यांनी नावे ठेवली. समोरच्या ओट्यावर नानाजींची सून पुष्पलता वड्या वाळत घालायला येई. विशी-बाविशीची, दोन वर्षे झाली होती लग्नाला. आधी ती नुसती हसली. मग बोलणे सुरू झाले, सात फुटांवरून, वड्यांत जिरे किती घालायचे यावरून. नानाजी ओट्यावर आले की बोलणे थांबे आणि ते आत गेले की पुन्हा सुरू होई. पुढे पुढे नानाजींनी सुनेला वड्या मागच्या अंगणात घालायला सांगितले. तिथे ऊन नव्हते. वड्या बुरसल्या.

नोटीस एकोणिसाव्या दिवशी आली. कोणी तक्रार केली होती की नुसता रस्त्यावरचा राडारोडा पाहून आली होती, हे कळायला मार्ग नव्हता. गल्लीच्या अंगाला विनापरवाना तोंड पाडले, पंधरा दिवसांत भिंत पूर्ववत करावी, असा मजकूर होता. मधुकरराव नोटीस घेऊन कचेरीत गेले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नोटीस आली होती. ती त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात अशी ठेवली होती की जणू तो डाग असावा.

बाबूने कागद पाहिला. "पूर्ववत म्हणजे आधी जेवढी खिडकी होती तेवढी. तेवढ्याच मापाची नवी बसवली तर आमचं म्हणणं नाही. आधीचं माप काय होतं?"

"तुमच्याकडे नोंद असेल."

"इतक्या जुन्या घरांची नोंद कुठली? तुम्हीच जुन्या खिडकीचा नकाशा काढून द्या. खाली एका साक्षीदाराची सही घ्या, जुनी खिडकी पाहिलेल्याची. तो नकाशा आम्ही खरा धरू."

मधुकरराव घरी आले. त्यांनी मेज ओढले, कागद ताणून लावला आणि पेन्सिलीला टोक केले. मग बराच वेळ काहीच केले नाही. एक हात रुंद आणि सव्वा हात उंच, हे माप त्यांना फीत न लावता पाठ होते. अठरा वर्षांत त्यांच्या हातून एक बांध इकडचा तिकडे झाला नव्हता. याच एका गोष्टीसाठी कचेरीत त्यांना मान होता. बाकी त्यांना मान द्यावा असे फारसे काही नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते.

आतून कुसुमताई कवडूशी बोलत होत्या. कवडू रोज येऊन चौकटीकडे पाहून जात असे. आपल्या हातून भिंत पडली हे त्याच्या मनाला लागले होते.

"कवडू, कड कुठवर येईल रे?"

"कुठवर पाहिजे, बाई?"

"मी अशी बसले की कोपर टेकता आलं पाहिजे."

खडूची रेघ ओढल्याचा आवाज आला. मधुकरराव उठून आत गेले. कवडू दूर सरला. कुसुमताईंचे कोपर त्या रेघेवर होते, हाडाएवढेच उरलेले. मधुकररावांनी फीत लावली. जमिनीपासून दोन फूट.

ते परत येऊन बसले आणि जुन्या खिडकीचा नकाशा काढला: रुंदी तीन फूट दोन इंच, उंची तीन फूट आठ, कड जमिनीपासून दोन फूट. पहिली रेष वाकडी आली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी कागद बदलला. तिसरा कागद साफ उतरला, आणि उत्तर दिशेचा बाण त्यांनी या खेपेला काढला नाही. तेवढी लाज उरली होती.

साक्षीसाठी ते नानाजींकडे गेले. नानाजींनी नकाशा वाचला, चष्मा काढला.

"ही खिडकी मी तीस वर्षं पाहिली आहे, मधुकरराव. हे तिचं माप नाही."

"नाही," मधुकरराव म्हणाले.

"मी कोर्टात एवढ्या खोट्या साक्षी ऐकल्या. देणार नाही. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

वाईट वाटून घेता आले असते तर बरे झाले असते. पण नानाजींचे म्हणणे खरे होते, आणि मधुकररावांना ते वाटेत नव्हे, तिथल्या तिथेच पटले होते. ते कागद घेऊन आपल्या ओट्यावर येऊन बसले. कवडू घरी जायला निघाला होता. त्याने कागदाकडे पाहिले.

"काय झालं जी?"

मधुकररावांनी सांगितले. कवडूने आपला आंगठा धोतराला पुसला.

"आणा इकडे. मले तर तेवढीच दिसली होती."

"कवडू, तुला वाचता येत नाही. काय लिहिलं आहे ते तरी विचार."

"बाईच्या कोपराएवढं लिहिलं असन," कवडू म्हणाला आणि आंगठा उठवला.

शिक्का मिळायला अकरा दिवस लागले. चौकट एका बुधवारी बसली. भिंत वर बांधून घेतली, दोन दारे लागली, काचा लागल्या, आणि चौकट डावीकडे किंचित कलली ती कललीच. कवडूने विचारले, "सरळ करू का?" कुसुमताई म्हणाल्या, राहू दे. त्यांनी खिडकीची कडी स्वतःच्या हाताने लावली, काढली, पुन्हा लावली. एवढ्या श्रमाने त्यांना धाप लागली.

"आतून आहे रे कडी," त्या म्हणाल्या.

"खिडकीला आतूनच असते, ताई."

"असते का? माझ्या हातात कधी आलीच नव्हती."

त्यानंतर त्या नऊ दिवस होत्या. शेवटचे चार दिवस बोलणे बंद झाले होते, पण सकाळी देवकीबाई खिडकी उघडत तेव्हा कुसुमताईंचे डोळे तिकडे वळत. माघातल्या एका सकाळी देवकीबाईंनी खिडकी उघडली, आणि डोळे वळले नाहीत.

गल्ली भेटायला आली. गल्लीला अशा वेळी नेमके काय बोलावे हे माहीत असते आणि ती ते सगळे बोलते. सुटल्या, म्हणाले. भावाने केले बरे, म्हणाले. खिडकी थोडी आधी झाली असती तर, असेही एकाने म्हटले; तेव्हा मधुकरराव उठून पाणी प्यायला गेले. लोक कुसुमताईंच्या खोलीतच बसत होते, कारण घरात, किंबहुना त्या बाजूच्या सगळ्या घरांत, श्वास घ्यायला तीच एक खोली होती. जाताना ते चौकटीवरून हात फिरवून पाहत.

नानाजी आले नाहीत. समोरचा ओटा रिकामा होता. देवकीबाईंनी हे दोनदा बोलून दाखवले. मधुकररावांनी मनात नानाजींशी पुष्कळ भाषणे केली, आणि त्या सगळ्यांत नानाजी शेवटी निरुत्तर झाले.

चौदाव्या दिवसानंतर, सकाळी मधुकरराव कचेरीत जायला निघाले असताना, नानाजी दाराशी उभे होते. दाढी वाढलेली होती. हातात वर्तमानपत्र नव्हते, त्यामुळे ते हात कुठे ठेवावे या विचारात असल्यासारखे दिसत होते.

"यायला उशीर झाला," ते म्हणाले. "कुसुमताई... चांगल्या होत्या."

"या, बसा."

नानाजी बसले नाहीत. ते खोलीत जाऊन खिडकीपाशी उभे राहिले. समोर त्यांचाच ओटा दिसत होता, आणि त्यामागची त्यांची भिंत. तिला खिडकीच नव्हती.

"सूनबाई खोकून राहिली," ते म्हणाले.

मधुकररावांना भगदाडातून चालणारे ते बोलणे आठवले. सात फूट. वड्यांत जिरे किती.

"किती दिवस झाले?"

"वीसेक दिवस. काल हरकरे येऊन गेले. म्हणाले, एवढ्यात काही सांगता येत नाही. म्हणाले, तिची खोली कशी अंधारी हो." नानाजींनी चौकटीच्या कडेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "मधुकरराव, मला मोजता येत नाही."

नानाजींना निरुत्तर करणारी सगळी भाषणे मधुकररावांच्या तोंडात तयार होती. ती किती चांगली आहेत हेही त्यांना माहीत होते. ते काही वेळ कोटाच्या गुंड्यांशी खेळत उभे राहिले. मग त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि देवकीबाईंना म्हणाले, "फीत कुठे आहे?"

नानाजींच्या ओट्यामागच्या खोलीत दिवसाही दिवा लागत होता. पुष्पलता कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसली होती. त्यांना पाहून उठायला लागली, तर मधुकररावांनी हातानेच बसायला सांगितले. त्यांनी भिंतीवर बोटाची गाठ वाजवली. वरची पाटी कुठे टेकेल ते पाहिले. मग बाहेर जाऊन गल्लीच्या अंगाने पाहिले, आणि पुन्हा आत आले.

"आधी बाहेरचं घेऊ," ते म्हणाले. "मग आतलं."

दोघे गल्लीत आले. एका टोकाला मधुकरराव, दुसऱ्या टोकाला नानाजी. मधुकररावांनी फीत ताणली, वाकून आकडा पाहिला, आणि त्यांना तो वाचता येईना. फीत थरथरत होती. त्यांनी वर पाहिले. नानाजींनी टोक भिंतीला दोन्ही हातांनी दाबून धरले होते, डोळे मिटले होते आणि दोन्ही हात हलत होते.

आतून खोकल्याचा आवाज आला. तो थांबेपर्यंत दोघेही तसेच उभे राहिले.

"नानाजी," मधुकरराव हळूच म्हणाले, "सावकाश. मी थांबतो."